नदी-अंधत्व एका गोळीने बरं होत नाही

‘मर्क कंपनीने फुकट गोळी दिली, आफ्रिकेतल्या आंधळ्यांना दिसू लागलं,’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. देणगी खरी आहे. 1987 मध्ये या अमेरिकी औषध कंपनीने नदी-अंधत्वावरचं आयव्हरमेक्टिन हे औषध हवं तेवढं, गरज असेपर्यंत मोफत देण्याचं जाहीर केलं आणि तो शब्द आजही पाळला जातो. पण गेलेली दृष्टी या औषधाने परत येत नाही.

नदी-अंधत्व हा रोग पाण्यातून होत नाही. वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठी वाढणारी काळी माशी चावली की जंत शरीरात शिरतो. जंताची प्रौढ मादी त्वचेखालच्या गाठींत दहा-पंधरा वर्षं जगते आणि सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. खाज आणि अंधत्व येतं ते या पिल्लांमुळे. आयव्हरमेक्टिन पिल्लं मारतं, मादीला काही काळ वांझ करतं, पण मारत नाही. म्हणून संपूर्ण गावाने वर्षातून एकदा-दोनदा, अनेक वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात.

आणि खरं श्रेय इथेच द्यायला हवं: गावातलेच स्वयंसेवक घरोघर जातात, खुणा केलेल्या काठीने उंची मोजून डोस ठरवतात. शिवाय पश्चिम आफ्रिकेत 1974 पासून नद्यांवर माशीच्या अळ्या मारणारी फवारणी झाली, तीही गोळी येण्याच्या कितीतरी आधी. कोलंबिया 2013 मध्ये रोगमुक्त ठरला. आफ्रिकेतला पहिला देश, नायजर, 2025 मध्ये.