फाईल बापाच्या काखेत

कॅन्सरच्या ओपीडीत पेशंट म्हातारा असला की फाईल मुलाच्या हातात असते. पेशंट तरणा असला की ती बापाच्या काखेत जाते. डॉक्टर बापाशी बोलतात, बाप मान डोलावतो, चुलता तेच पुन्हा विचारतो आणि ज्याच्या मानेत गाठ आहे तो २२ वर्षांचा पोरगा भिंतीवरचं पोस्टर वाचत बसतो.

असा एक पोरगा डोळ्यांसमोर आणा. गाव परभणीजवळचं. पोलीस भरतीची तयारी. दिवसभर संभाजीनगरच्या अभ्यासिकेत, पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर. मानेत गाठ, रात्री घाम, वजन उतरलेलं. बायोप्सीत निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तरुणांमध्ये नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी हा एक. वेळेवर आणि पुरे उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात. शरीराच्या बाजूनं बातमी बरी म्हणायची. पण नेमकं आपल्या पायावर उभं राहायच्या वयात आंघोळीलासुद्धा माय दाराबाहेर उभी राहू लागते, हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

१५ ते ३९ हा वयोगट वैद्यकशास्त्र आता वेगळा धरतं. लेकरांच्या वॉर्डात याचे पाय खाटेबाहेर येतात, मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी साठीचे आजोबा. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात १९९० साली किशोरवयीनांसाठी वेगळा कक्ष निघाला, तो याच अडचणीतून.

मनाचा त्रास मोजताही येतो. न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक साधी युक्ती मांडली: कागदावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १०. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, तिथं खूण करायची. ४ किंवा जास्त आलं की कोणीतरी बसून विचारायचं, नेमकं काय सलतंय? पैसे, प्रवास, झोप, घरातली माणसं, याची यादी शेजारीच असते. आपल्याकडं ‘कसं वाटतंय?’ला ‘बरंय’ हेच उत्तर ठरलेलं असताना ही कागदावरची खूण मला फार कामाची वाटते. बापासमोर जे तोंडातून निघत नाही, ते पेनानं निघतं.

सलणाऱ्या गोष्टींत एक असते, जी घरात कोणीच काढत नाही. काही केमोमुळं मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. म्हणून पहिल्या केमोआधीच वीर्य गोठवून ठेवतात. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि नमुना द्यायला एखाद-दोन दिवस पुरतात. मुलींची बीजांडं गोठवायला मात्र साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यामुळं तो विचार आणखी आधी. हे पोराला एकट्याला बाजूला घेऊन विचारायला हवं. चुलत्यासमोर विचारलं तर पोरगा ‘नको’च म्हणणार.

मग केमो सुरू होते. लाल रंगाचं औषध नळीतून उतरतं, लघवीही लालसर होते. आधी सांगितलं नसेल तर पोरगा रक्त समजून घाबरतो. केसांच्या मुळांतल्या पेशी झपाट्यानं वाढणाऱ्या, म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर दिसायला लागतात. टोपी येते, मास्क येतो. आणि गाव उलटा अर्थ काढतं. ताट-तांब्या वेगळा होतो, भावकीतलं लहान लेकरू जवळ येऊ दिलं जात नाही. कॅन्सर ताटातून, श्वासातून, मिठीतून लागत नाही. बहुतेक केमोनंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. मास्क त्यासाठी असतो: आपला सर्दी-खोकला त्याला लागू नये म्हणून.

त्या दिवसांत घर भरून पाहुणे नकोत, हे खरं. पण पाहुण्यांबरोबर मित्रही बंद होतात, तिथं चुकतं. सर्दी-ताप नसलेला एखादा मित्र, हात धुऊन, अंगणात लिंबाखाली तासभर बसला तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. मित्र येत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की काय बोलावं कळत नाही. वेगळं काही बोलू नका. भरतीची जाहिरात आली का, ग्रुपवर कोण कोणावर चिडलंय, हे सांगा.

मित्रालाही न कळणारं काही असतं, ते कळतं याच वाटेनं गेलेल्या समवयस्काला. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शी, किंवा देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईचं टाटा. कुठंही उपचार असोत, समाजसेवकांच्या टेबलाशी जाऊन विचारा, ‘माझ्या वयाचा, बरा झालेला कोणी बोलेल का?’ रात्री झोप उडाली तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मोफत बोलतात.

एक पडझड उपचार संपल्यावर होते. ‘सुटलास बाबा’ म्हणून येणं-जाणं थांबतं. इकडं थकवा महिनोन्‌महिने राहतो, तपासणीच्या आठवड्यात पोट खवळतं आणि सोयरीक जुळवताना घरचे आजार सांगू नको म्हणतात. पोरगा पहाटे उठून ग्राउंडवर जातो, एका फेरीत धाप लागते. तेव्हा जुना जोडीदार स्वतःचं घड्याळ बंद करून त्याच्याबरोबर चालायला लागतो.