फार्मसीच्या अधिष्ठात्याचा शोध : पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाने आपल्या फार्मसी स्कूलसाठी अधिष्ठाता (डीन) हवा अशी जाहिरात दुसऱ्यांदा काढली आहे. पहिल्या खेपेला अर्ज कमी आले नव्हते, ते छाननीत गळाले. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी कोणी रुजू झाले नाही आणि कारभार एका ज्येष्ठ प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून राहिला. 'पगार वाढवा, माणूस मिळेल' हे अशा वेळी हमखास ऐकू येते. पगाराचा भाग आहेच. पण शहरातल्या रबाळे-महापे-तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात औषधशास्त्रातले पीएच.डी. झालेले लोक थोडेथोडके नाहीत, आणि तरीही या पदासाठी पात्र उमेदवार शोधावा लागतो. याची मुळे २०१४ च्या पात्रता नियमावलीत आणि त्याहून जास्त २०१९ ते २०२२ या काळातल्या एका कोर्टकज्जात आहेत.

फार मागे जाण्याची गरज नाही. देशात फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ मध्ये बनारसला सुरू झाले, १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला आणि मुंबईत कालिना येथे १९५७ मध्ये व्यवसायातल्याच मंडळींनी पुढाकार घेऊन कॉलेज काढले. ठाण्याच्या बाजूला मात्र आधी कारखाने आले. पोखरण रोड, कोलशेत, बाळकूम इथे परदेशी औषध कंपन्या उभ्या राहिल्या आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर रस्ता रसायन आणि औषध कारखान्यांनी भरला. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, म्हणजे शहर त्यानंतरचे. कॉलेजे त्याहून नंतरची. राज्याने १९८३ मध्ये विनाअनुदानित संस्थांना दार उघडले नसते तर बेलापूर, नेरुळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात आज जितकी फार्मसी कॉलेजे दिसतात तितकी दिसली नसती. गंमत अशी की कॉलेजे वाढत गेली आणि ज्या कारखान्यांकडे बघून ती काढली होती ते एकेक करून बंद झाले किंवा बद्दी, सिक्कीमकडे गेले. पोखरण रोडवर गृहसंकुले उभी राहिली, ऐरोली-महापेत आयटी पार्क आणि डेटा सेंटर आली. मागे उरल्या त्या मुख्यतः संशोधन प्रयोगशाळा आणि कंपन्यांची कार्यालये. म्हणजे शिकलेला माणूस इथेच राहिला, कामगार गेला.

अधिष्ठाता हे पद इतके महत्त्वाचे अलीकडेच झाले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात विद्याशाखेचे सदस्य आपल्यातूनच अधिष्ठाता निवडून देत. ती निवडणूक असे, प्राचार्यांचे गट असत, आणि निवडून आलेला माणूस आपले कॉलेज सांभाळून हे काम करी. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने (तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला) निवडणूक काढून पूर्णवेळ, नेमणुकीचा अधिष्ठाता आणला आणि विद्याशाखा चारच ठेवल्या. फार्मसी विज्ञान व तंत्रज्ञान शाखेत गेली. त्या शाखेत अभियांत्रिकीचे संख्याबळ एवढे की फार्मसीचा माणूस शाखेचा अधिष्ठाता होणे अवघडच. अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत चित्र वेगळे आहे. तिथे फार्मसी हे स्वतंत्र 'स्कूल', त्याला स्वतःचा अधिष्ठाता, आणि तोच भारतीय फार्मसी परिषदेच्या, म्हणजे फार्मसी संस्थांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, लेखी संस्थाप्रमुख. पाटीवर अधिष्ठाता लिहा, संचालक लिहा किंवा प्राचार्य लिहा, पात्रता तपासली जाते ती संस्थाप्रमुखाची. पहिल्या फेरीतले बरेच अर्ज इथेच अडले.

ही पात्रता परिषदेच्या २०१४ च्या शिक्षक पात्रता नियमावलीत आहे. बी.फार्म प्रथम वर्गात, एम.फार्म, फार्मसीतील पीएच.डी., आणि अध्यापन किंवा संशोधनाचा १५ वर्षांचा अनुभव. इथपर्यंत महाप्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेचा प्रमुखही बसतो. पुढचे वाक्य त्याला बाहेर काढते: या १५ पैकी ५ वर्षे मान्यताप्राप्त फार्मसी संस्थेत प्राध्यापक किंवा विभागप्रमुख म्हणून झालेली हवीत. रसायनशास्त्रात पीएच.डी. करून आयुष्यभर औषधनिर्मितीत काम केलेल्याला तर बी.फार्मच्या अटीवरच थांबावे लागते. मुळात ही अट आली ती वाईट हेतूने नाही. त्याआधी संस्थाचालकांचे नातेवाईक, विज्ञान शाखेतले निवृत्त लोक, कधी औषध दुकानांचे मालकही कॉलेजांचे प्रमुख म्हणून मिरवत होते, त्यांना आवर घालणे गरजेचे होते. पण नियमाने नातेवाईक आणि शास्त्रज्ञ दोघांना एकाच दाराने बाहेर काढले.

हिशेब मांडला तर अडचण कळते. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी एम.फार्म होऊन शिकवायला लागलेला माणूस, नोकरी सांभाळत पीएच.डी. करून, सगळे वेळेवर झाले तर चाळिशी ओलांडल्यावर संस्थाप्रमुखपदाला पात्र होतो. आज पात्र असलेला माणूस साधारण २००५ ते २०१० मध्ये अध्यापनात आला असणार. त्या काळात चांगला एम.फार्म झालेला विद्यार्थी कंपनीत जायचा. शिकवायला येणारे थोडे होते. त्या थोड्यांवर आज सगळ्यांचा डोळा आहे. २०१० मध्ये किती जण अध्यापनात आले, ते आता कोणी बदलू शकत नाही.

मागणी अचानक का वाढली, याचे उत्तर त्या कोर्टकज्जात सापडते.

जुलै २०१९ मध्ये फार्मसी परिषदेने ठराव केला की २०२०-२१ पासून पाच वर्षे डी.फार्म (पदविका) आणि बी.फार्मच्या (पदवी) नव्या संस्थांना मान्यता द्यायची नाही. सप्टेंबरमध्ये त्यात सवलती घातल्या: सरकारी संस्था, ईशान्येकडील राज्ये, आणि जिथे दोन्ही अभ्यासक्रमांच्या संस्था मिळून ५० पेक्षा कमी आहेत अशी राज्ये. महाराष्ट्राला यातली शेवटची सवलत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कारण सांगितले गेले ते असे की कॉलेजे भूछत्रांसारखी उगवत आहेत, पुरेसे शिक्षक नाहीत, आणि बाहेर पडणाऱ्या मुलांना कामही नाही. हे कारण खरे होते. ज्यांनी त्या काळात कॉलेजांच्या तपासण्या पाहिल्या त्यांना वेगळा पुरावा नको. एकच शिक्षक दोन कॉलेजांच्या यादीत, तपासणीच्या दिवशी गाडीने आणलेली माणसे, उधारीवर आणलेली उपकरणे, हे सगळे उघड गुपित होते.

चूक झाली ती पद्धतीत. फार्मसी कायद्याच्या कलम १० प्रमाणे शिक्षणविषयक नियमावली केंद्र सरकारच्या मंजुरीने करायची असते. परिषदेने नियमावली न करता नुसता ठराव केला. ज्यांनी जमीन घेतली, इमारत बांधली, त्यांनी कोर्टात जाणे ओघानेच आले. कर्नाटक, दिल्ली आणि छत्तीसगड उच्च न्यायालयांनी बंदी रद्द केली. परिषद अपिलात गेली आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचेच म्हणणे उचलून धरले. शिक्षणसंस्था काढणे हा घटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालचा व्यवसायाचा मूलभूत हक्क आहे, हे २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगून ठेवले होते. त्या हक्कावर निर्बंध घालायचा तर तो कायद्याने घालावा लागेल, प्रशासकीय ठरावाने नाही. कॉलेजांच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणे व्यापक जनहिताचे असू शकते, हेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले. आक्षेप मार्गावर होता.

कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढता येत नाही. परिषदेने हे संकट स्वतःच ओढवून घेतले. त्याआधी अडीचच वर्षे, मार्च २०२० मध्ये, याच न्यायालयाने विदर्भातल्या एका संस्थेच्या प्रकरणात परिषदेच्या बाजूने मोठा निकाल दिला होता. १९४८ चा फार्मसी कायदा विशेष कायदा आहे, म्हणून फार्मसीपुरता तो १९८७ च्या तंत्रशिक्षण कायद्यापेक्षा वरचढ, असे त्यात ठरले. त्या दिवसापासून जागा वाढवण्यासाठी फार्मसी परिषदेकडे नाही तर तंत्रशिक्षण परिषदेकडे (एआयसीटीई) जाण्याची वाट बंद झाली. एवढे अधिकार हाती आल्यावर परिषदेला नियमावली करून घेणे जड नव्हते. बंदीच्या बाजूने लढणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कधी मोकळेपणी मान्य केली नाही. चालू संस्थांना नवे अभ्यासक्रम आणि वाढीव जागा मागायची मुभा बंदीतही होती. म्हणजे आत असलेल्यांसाठी ती बंदी नव्हती, संरक्षण होते. आपल्या भागातल्या काही जुन्या संस्थांनी त्या काळात बस्तान पक्के केले आणि आज त्याच अधिष्ठाता मिळत नाही म्हणून तक्रार करतात.

निकालानंतर अडून राहिलेले अर्ज एकदम पुढे सरकले. मधल्या काळात कोविड येऊन गेल्याने औषधक्षेत्राचे आकर्षण वाढले होते, फार्मसीला प्रवेश चांगले होत होते, अभियांत्रिकीच्या रिकाम्या इमारती असलेल्या संस्थांना फार्मसी हा सोयीचा पर्याय वाटत होता. महाराष्ट्रात नव्या कॉलेजांची रांग लागली, त्यातही डी.फार्मची जास्त. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्नतेचा मार्ग असल्याने मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेवरच अवलंबून राहण्याची गरजही उरली नव्हती. दोन-तीन वर्षांत जागा रिकाम्या राहू लागल्या, पण कॉलेजे राहिलीच. प्रत्येकाला एक संस्थाप्रमुख हवा. डी.फार्मला अट सौम्य असली तरी बी.फार्मला ती पूर्ण लागू, आणि डी.फार्म काढणारा पुढे बी.फार्म मागतोच.

मग सुरू झाली पळवापळवी. कर्जत-नेरळकडच्या नव्या कॉलेजाने ठाण्यातला प्राध्यापक उचलायचा, त्याला प्राचार्य करायचे. त्याची जागा भरायला ठाण्याने कल्याणहून कोणाला तरी आणायचे. पाच वर्षांचे प्राध्यापकपद पूर्ण झालेला माणूस आता अधिष्ठातापदासाठी अर्जच करत नाही, कारण त्याला छोट्या कॉलेजात प्राचार्यपद, घराजवळचे ठिकाण आणि कमी कटकट एकत्र मिळते. विद्यापीठाच्या अधिष्ठात्याला मात्र नॅकचे मूल्यांकन, राष्ट्रीय क्रमवारी, पेटंटे, परदेशी करार, प्रवेश आणि प्लेसमेंट, सगळ्याचा जाब द्यावा लागतो. पुण्या-नाशिककडून येणाऱ्याला खारघर-नेरुळचे घरभाडे वेगळेच. पगार वाढवण्याच्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरते.

आरोग्यशास्त्राच्या विद्यापीठांत आणखी एक पेच आहे. फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. त्याला किमान ३०० खाटांचे रुग्णालय लागते, आणि नवी मुंबईत असे रुग्णालय ज्यांच्याकडे स्वतःचे आहे त्या संस्थांना तो साहजिकच हवासा वाटतो. पण रुग्णालयावर सत्ता वैद्यकीय अधिष्ठात्याची. वॉर्डात फार्म.डी.च्या मुलांना केसपेपर बघू द्यायचा की नाही, राउंडला उभे करायचे की नाही, हे तिथे ठरते. बाहेरून येणारा उमेदवार मुलाखतीत हाच प्रश्न विचारतो आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

उद्योगातल्या माणसाला आत आणायची वाट २०२२ मध्ये थोडी उघडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ वर्षे अनुभव असलेल्या व्यावसायिकाला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून घेण्याची मुभा दिली, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. त्याला वर्ग घेता येतात, संस्थाप्रमुख होता येत नाही. त्यामुळे तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतून आलेला माणूस सल्लागार मंडळावर बसतो, चार व्याख्याने देतो, जाहिरातीत त्याचा फोटो येतो आणि खुर्ची रिकामीच राहते. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी काढला. १९४८ चा कायदा जाऊन आयोग येईल तेव्हा पात्रतेची कलमेही नव्याने लिहिली जातील, या आशेवर काही संस्थांनी कायम नेमणूक लांबवली. ही आशा फार धरण्यात अर्थ नाही. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आणि पात्रता ठरते ती खालच्या नियमावलीत.

दुसऱ्या जाहिरातीत विद्यापीठाने उद्योगातील अनुभव 'इष्ट' म्हटला आहे, १५ आणि ५ वर्षांची अट जशीच्या तशी ठेवली आहे. तिच्यात हात घालणे विद्यापीठाच्या अधिकारातच नाही. समितीसमोर आता व्यवहारातले दोन मार्ग आहेत. सध्या कार्यभार सांभाळणाऱ्या प्राध्यापकाची पाच वर्षे भरेपर्यंत थांबायचे, नाहीतर शेजारच्या एखाद्या कॉलेजचा प्राचार्य जास्त पगारावर आणायचा आणि तीच अडचण तिथे सरकवायची. थांबण्यातला धोका मान्यतेचा आहे. पुढच्या वर्षीच्या मान्यतेचा अर्ज भरताना संस्थाप्रमुखाची पात्रता आणि अनुभव लिहावा लागतो. तिथे त्रुटी नोंदली गेली तर चर्चा अधिष्ठात्याची न राहता प्रवेशाच्या जागांची होते.