तारीख राखून ठेवा : लग्नाची पूर्वसूचना कधी, कोणाला आणि कशी द्यावी

लग्न ठरले की बरेचजण आमच्याकडे थेट पत्रिकेचे नमुने पाहायला येतात. नमुने काढण्याआधी आम्ही एक विचारतो : लांबून कोण कोण येणार आहे? परदेशी राहणारा भाऊ, रुग्णालयात पाळ्या करणारी मावशी, रजेचा अर्ज चार महिने आधी द्यावा लागणारे मित्र, परीक्षेच्या वर्षातली मुले असलेली घरे. पत्रिका हातात पडेपर्यंत या मंडळींना फार उशीर झालेला असतो. त्यांच्यासाठी पूर्वसूचना असते. तुमची नावे, तारीख आणि गाव एवढेच सांगणारे हे छोटे कार्ड किंवा संदेश म्हणजेच ‘सेव्ह द डेट’.

ती प्रत्येकाला लागतेच असे नाही. लग्न दोन महिन्यांवर आले असेल, किंवा सगळे पाहुणे एकाच शहरातले असतील, तर पूर्वसूचनेवर खर्च करू नका. थेट निमंत्रण पाठवा. असे ग्राहक आले तर आम्ही त्यांना हेच सांगतो.

कधी पाठवावी

पत्रिका साधारण सहा ते आठ आठवडे आधी जाते असे धरून चालू. पूर्वसूचना त्याच्याही आधी, चार ते सहा महिन्यांपूर्वी जावी. पाहुण्यांना परदेश प्रवास करायचा असेल, किंवा लग्नच सर्वांना लांब पडेल अशा ठिकाणी असेल, तर आठ ते दहा महिने आधी. वर्षभरापेक्षा आधी पाठवून फारसे साधत नाही. बहुतेक विमान कंपन्यांची तिकिटे प्रवासाच्या सुमारे अकरा महिने आधी विक्रीला येतात. त्याआधी कळले तरी पाहुण्याला काही करता येत नाही आणि दरम्यान तारीख डोक्यातून निघून जाते.

व्हिसा लागणाऱ्या पाहुण्यांचा विचार वेगळा करावा. उदाहरणार्थ, युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. निकाल साधारणपणे पंधरा दिवसांत लागतो, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. शिवाय प्रवासानंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट अनेक देश मागतात. म्हणजे कुणाला आधी पासपोर्टचे नूतनीकरण, मग व्हिसा, मग तिकीट एवढे सगळे करायचे असते. अशा पाहुण्यांना कार्डासोबत साध्या कागदावर एक सहीचे पत्रही द्या : लग्नाची तारीख, ठिकाण, तुमचे नाते आणि पाहुणा कुठे उतरणार ते. व्हिसाच्या अर्जाला जोडायला ते उपयोगी पडते. छापील पत्रिका येईपर्यंत त्यांनी थांबायची गरज राहत नाही.

त्याआधी काय पक्के हवे

जागा. सभागृह आगाऊ रक्कम भरून तुमच्या नावावर झाले, की तारीख खरी धरावी. ‘जवळजवळ ठरलंय’ एवढ्यावर छापायला देऊ नका. पाहुणा तुमच्या शब्दावर परत न होणारी तिकिटे काढतो, रजा टाकतो. तारीख हलली तर तो भुर्दंड त्याला बसतो.

कोणाला पाठवावी

सगळ्यात जास्त विचार इथे करा. ज्याला पूर्वसूचना गेली, त्याला पत्रिका गेलीच पाहिजे. पुढे पाहुण्यांची संख्या कमी करायची वेळ आली तरी ही नावे गाळता येत नाहीत. तारीख राखून ठेवायला सांगितलेल्या माणसाला मग निमंत्रणच आले नाही, तर तो तुम्हाला विचारणार नाही, पण ते विसरणारही नाही. म्हणून यादी दोन भागांत करा. काही झाले तरी बोलवायचेच असे एका बाजूला. जागा आणि अंदाजपत्रक पाहून ठरवू असे दुसऱ्या बाजूला. पूर्वसूचना फक्त पहिल्या बाजूला. दुसऱ्यांना पत्रिका वेळेवर गेली तर त्यात त्यांचा काही अपमान नाही.

उलटेही खरे आहे. पूर्वसूचना सर्वांना जावी असे बंधन नाही. शेजारच्या घराला, रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याला तोंडी सांगितले तरी चालते. मात्र सख्ख्या भावंडांपैकी एकाला कार्ड आणि दुसऱ्याला नुसता निरोप असे होऊ देऊ नका.

पाकिटावरचे नाव नीट लिहा. ‘सहकुटुंब’ लिहिले की मुले आली, आणि घरात सोबत राहणारे आई-वडीलही आले. फक्त दोघांना बोलवायचे असेल तर दोघांची नावे लिहा. पत्रिकेवरही तेच नाव हवे. काही पाहुणे फक्त स्वागत समारंभाला येणार असतील तर त्यांचे कार्ड वेगळे छापावे आणि त्यावर ‘स्वागत समारंभ’ असे स्पष्ट लिहावे.

मजकूर

कमीत कमी. आमचा नेहमीचा मजकूर असा :

*आम्ही लग्न करत आहोत.*
*रविवार, १४ फेब्रुवारी २०२७*
*(शहराचे नाव)*
*ही तारीख आमच्यासाठी राखून ठेवा. सविस्तर निमंत्रण मागाहून पाठवतो.*

शेवटची ओळ गाळू नका. ती नसली की काही पाहुणे हेच निमंत्रण समजतात आणि वेळ, पत्ता विचारायला फोन सुरू होतात. महिना अक्षरात लिहा. ५/६ हे काही देशांत पाच जून आणि काही देशांत सहा मे असे वाचले जाते. वार लिहिला की तारखेची आपोआप पडताळणी होते, म्हणून तो कॅलेंडरशी ताडून पाहा. कार्यक्रम दोन-तीन दिवस चालणार असेल तर पहिला आणि शेवटचा दिवस दोन्ही द्या, नाहीतर पाहुणा एकाच दिवसाची रजा घेऊन बसेल. येणार की नाही याचे उत्तर इथे मागू नका. इतक्या आधी दिलेला होकार पुढे बदलू शकतो. तो पत्रिकेबरोबरच मागावा.

भेटवस्तू आणि पोशाखाबद्दलही इथे काही नको.

कागदावर की फोनवर

दोन्ही चालते. वडीलधाऱ्यांना कार्ड, बाकीच्यांना संदेश अशी वाटणी बरेचजण करतात आणि ती आम्हाला योग्य वाटते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा : ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांच्यापर्यंत तो संदेश पोहोचत नाही. अशांना स्वतंत्रपणे पाठवा. मोठ्या कौटुंबिक ग्रुपवर कार्ड टाकू नका; तिथे तुमच्या यादीत नसलेले लोकही असतात, आणि मग यादी तुमच्या हातात राहत नाही.

छापील कार्डासाठी आम्ही ए-६ आकार सुचवतो, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटर. ते सी-६ पाकिटात (११४ × १६२ मिलिमीटर) व्यवस्थित बसते. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, टपालात कोपरे मुडपत नाहीत. फ्रिजला लावायचे चुंबकी कार्ड दिसायला छान, आणि महिनोन् महिने नजरेसमोर राहते. पण वजनामुळे टपालखर्च वाढतो, तो आधी विचारून घ्या.

कार्डावर फोटो हवा असेल तर मूळ फाईल द्या. या आकाराच्या चांगल्या छपाईला साधारण १२४० × १७४८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर जसाच्या तसा मिळतो.

तारीख बदललीच तर

२०२० साली कोविडमुळे असंख्य लग्ने पुढे गेली आणि ‘तारीख बदलली आहे’ अशी कार्डे पाठवायची वेळ पुष्कळ घरांवर आली. तशी वेळ आली तर आधी फोन करा, तोही प्रवासाची तिकिटे काढलेल्यांना सर्वांत आधी. नवी तारीख ठरेपर्यंत थांबू नका. जुनी रद्द झाली एवढे कळले तरी त्यांना आपली तिकिटे, रजा सांभाळता येते. नवी तारीख पक्की झाल्यावर सर्वांना लेखी कळवा.

आमच्याकडे येताना

कार्डांची संख्या माणसांवरून नको, घरांवरून मोजा. ऐनवेळी आठवणाऱ्या नावांसाठी आणि पत्ता चुकून परत येणाऱ्या पाकिटांसाठी दहाएक जास्त धरा. छपाईआधी आम्ही प्रूफ देतो. ते तुम्ही दोघांनी तर वाचाच, पण मजकूर लिहिताना जवळ नसलेल्या एखाद्या तिसऱ्या माणसालाही वाचायला द्या. नावांचे ऱ्हस्व-दीर्घ, वार आणि वर्ष हे तीन तपासून झाले की सही करा. सही मिळाल्याशिवाय आम्ही छपाई सुरू करत नाही.