पार्श्वभूमी: जपानी सिग्नलवरची पाखरं

अंध पादचाऱ्यांसाठी आवाज देणारा सिग्नल जपानमध्ये पहिल्यांदा बसला १९५५ साली, टोकियोच्या सुगिनामी भागात. तेव्हा घंटा वाजायची. पुढे ज्या गावाला जो आवाज सुचला तो त्याने लावला. परगावी गेलेल्या माणसाने दर चौकात नव्याने अर्थ लावायचा! १९७५ मध्ये पोलिसांच्या केंद्रीय यंत्रणेने ही सरमिसळ चार आवाजांवर आणली: दोन सुरावटी आणि दोन पक्षी.

सुरावटींपैकी एक स्कॉटिश लोकगीताची चाल. दुसरी 'तोर्यान्से', म्हणजे जपानी मुलांचं जुनं खेळगाणं. 'जा, पुढे जा' असा त्या शब्दाचा अर्थ, तेव्हा सिग्नलला अगदी साजेसा. पण त्याच गाण्यात पुढे येतं की जाणं सोपं, परतताना मात्र भीती. भर रस्त्यात वाजवायला हेच सापडावं! पक्ष्यांमध्ये कोंबडीच्या पिल्लाची 'पियो' आणि आपल्या पावशाच्या कुळातल्या एका पक्ष्याची 'काक्को' ही साद. एका दिशेच्या रस्त्याला पियो, आडव्या रस्त्याला काक्को, म्हणजे हिरवा नेमका कोणाला मिळाला ते कळावं.

वाद झाला तो २००३ च्या निर्णयावर. सुरावटी हळूहळू काढा आणि पाखरंच ठेवा, असं ठरलं. हळहळ झाली ती मुख्यतः डोळसांना. लहानपणापासून ऐकलेलं गाणं चौकातून जाणार होतं. पण गाण्याची अडचण खरी होती. दोन्ही बाजूंच्या भोंग्यांतून ते एकाच वेळी वाजायचं. 'आता चला' एवढं कळायचं, 'कुठे' ते कळायचं नाही. न बघता रस्ता ओलांडताना सरळ रेषा धरणं हेच सगळ्यात कठीण. चार पावलं तिरकी पडली की माणूस चौकाच्या मधोमध उभा. नव्या पद्धतीत अलीकडच्या खांबावरून 'पियो' येतं आणि क्षणभराने पलीकडून 'पियोपियो'. अगदी सवाल-जवाब. समोरून येणाऱ्या जबाबाकडे चालत राहायचं, बस्स. गाण्याच्या आठवणीपेक्षा हे मोलाचं, यात मला तरी शंका नाही.

पाखरंही सगळीकडे टिकली नाहीत. अमेरिकेत एके काळी अशाच दोन पक्ष्यांचे आवाज वापरात होते. पण कोणता पक्षी कोणत्या दिशेचा, याचा गोंधळ व्हायचा, शिवाय तिथला मॉकिंगबर्ड हा नकलाकार पक्षी तेच आवाज काढायचा! २००९ च्या तिथल्या नियमावलीने पाखरं सोडून भराभर होणारी टकटक धरली.

जपानमध्ये खरी ठिणगी पडली ती डिसेंबर २०१८ मध्ये. टोकियोच्या कोमागोमे भागात पहाटे रस्ता ओलांडणारा एक अंध पादचारी गाडीखाली सापडून मरण पावला. त्या सिग्नलला आवाजाची सोय होती, पण आजूबाजूच्यांची झोप मोडू नये म्हणून त्या वेळी तो बंद ठेवलेला होता. देशभर अशी पुष्कळ ठिकाणं निघाली. रात्री आवाज बारीक करणं समजू शकतं. पार बंद करायचा तर तो खांब अंध माणसासाठी असून नसल्यासारखाच. त्यानंतर ब्लूटूथवरून सिग्नलचा रंग मोबाइलला कळवणारी यंत्रणा काही भागांत आली. शेजाऱ्यांची तक्रार मिटते, पण मग अॅप चालवता येणं हीच रस्ता ओलांडण्याची अट होऊन बसते.

आपल्याकडे गाडी याच्या कितीतरी आधी अडली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४५ मध्ये लाल दिव्यांपाशी आवाज देणारे सिग्नल बसवा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच वाक्यात 'आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत' हेही होतं. २०१६ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला.