धन्याचं पाणी आणि भिंत नसलेला जंतू

एप्रिल लागला, पारा पंचेचाळीसकडे सरकला, की विदर्भात लघवीच्या आगीचं निदान घरीच होऊन जातं: उन्हाळी लागली. मग धन्याचं पाणी, सब्जा, ताक. पुष्कळदा निदान बरोबरही असतं. दिवसभर वावरात घाम गाळला आणि पाणी कमी पडलं, की लघवी दाट होऊन जळजळते. पोटात दोन तांबे पाणी गेलं की आग शमते. पण सकाळी चड्डीवर पांढुरका-पिवळसर डाग दिसत असेल, मूत्रमार्गाच्या तोंडाशी चिकट थेंब येत असेल, तर उन्हाला बोल लावू नये. उन्हानं पू होत नाही.

हा मूत्रमार्गाचा दाह, बहुधा शरीरसंबंधातून आलेल्या जंतूंचा. स्रावाच्या स्लाइडवर जोडीजोडीनं बसलेले परम्याचे (गनोरियाचे) जंतू दिसले, तर आजाराचं नाव पक्कं होतं. जर्मन डॉक्टर नायसर यांनी ते १८७९ सालीच ओळखले होते. ते दिसले नाहीत, नुसत्या पांढऱ्या पेशीच दिसल्या, की डॉक्टर ‘नॉन-स्पेसिफिक’, म्हणजे नेमकं कारण न ठरलेला, असं लिहितात. अशा रुग्णांत क्लॅमिडिया बराच सापडतो (डोळ्यांत खुपऱ्या करणारा जंतू याच जातीचा). काहींत मात्र शोधूनही काहीच सापडत नाही. आणि “गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, मंग पुन्हा काऊन?” असं विचारणारा रुग्ण समोर बसतो, तेव्हा एका जंतूची आठवण ठेवलीच पाहिजे: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम.

१९८०च्या सुमारास लंडनमध्ये असाच दाह झालेल्या दोन पुरुषांत तो पहिल्यांदा सापडला. त्याची जनुकीय लिपी १९९५ साली पूर्ण वाचली गेली. जेमतेम ५ लाख ८० हजार अक्षरं, जनुकं पाचशेच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर जगणारे जंतू फार थोडे. काटकसर इतकी, की त्यानं पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, बांधलेली नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही औषधं भित्तिकेच्या बांधकामात मोडता घालतात. इथं बांधकामच नाही, तर मोडता कुठं घालणार? स्लाइडवरचा नेहमीचा रंगही याच्यावर चढत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही.

पण मला भुरळ घालते ती त्याची दुसरी करामत. मूत्रमार्गाच्या पेशींना चिकटायला त्याच्या टोकाशी दोन प्रथिनं असतात. शरीर जंतूला धरणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं ती मुख्यतः त्यांच्याच विरुद्ध. या प्रथिनांची पूर्ण जनुकं एकाच जागी आहेत, मात्र त्यांच्या अर्धवट, थोड्या वेगळ्या नकला लिपीत आणखी नऊ ठिकाणी विखुरल्या आहेत. त्यांच्यापासून स्वतंत्रपणे प्रथिन बनत नाही. जंतू वाढता वाढता मूळ जनुकातला तुकडा आणि नकलेतला तुकडा यांची अदलाबदल होते, आणि चिकटण्याचं प्रथिन थोडं बदलून बाहेर येतं. बहुरूप्यानं बोचक्यातून काल पोलीस, आज वाघ काढावा तसं. जुनी प्रतिपिंडं नव्या रूपाला नीट धरत नाहीत. कंजूष जंतूनं लिपीचे सुमारे ४ टक्के या सोंगांसाठी राखून ठेवले आहेत! म्हणूनच तो महिनोन्‌महिने अंगात टिकतो.

त्यात औषधाचा हातभार. अझिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, धरतं. त्या यंत्राच्या आरएनएचं जनुक बऱ्याच जंतूंत अनेक प्रतींत असतं (आतड्यातल्या ई. कोलाय जंतूमध्ये सात), त्यामुळे एका प्रतीत चूक झाली तरी बाकीच्या प्रतींवर औषध लागू पडतं. मायकोप्लाझ्माकडे प्रत एकच. त्यातलं २०५८ किंवा २०५९ क्रमांकाचं एक अक्षर बदललं, की औषध निकामी. १ ग्रॅमचा एकच डोस साधे जंतू मारतो आणि असे बदललेले तेवढे मागे ठेवतो. सरकारी दवाखान्यातलं राखाडी किट म्हणजे हेच १ ग्रॅम अझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्झिम. ते बेतलेलं आहे परमा आणि क्लॅमिडियावर. अनेक देशांत आता आधी सात दिवस डॉक्सिसायक्लिन देऊन जंतूंची संख्या उतरवतात, मग दुसरं औषध. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांना यातलं काय ठाऊक असणार!

आता जोडीदार. पुन्हा आग झाली म्हणजे नवऱ्यानं पुन्हा शेण खाल्लं किंवा बायकोचं बाहेर काही आहे, असा अर्थ निघत नाही. जंतू गेलाच नसेल, किंवा बायकोकडून परत आला असेल. तिला बहुधा त्रासच जाणवत नाही. पण जंतू पुढे गर्भाशयात, नळ्यांत चढून वंध्यत्व आणू शकतो. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अशा मुलखात नवऱ्यानं एकट्यानं गोळ्या खाऊन कसं चालेल? उपचार दोघांचे एकाच वेळी, आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा एक आठवडा, संबंध बंद.

जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यासाठी समुपदेशक असतात, औषध फुकट मिळतं, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही तिथंच करून घ्यावी. जाताना निदान दोन तास लघवी करू नका. भीतीपोटी पुष्कळजण दारातूनच आधी लघवीला जाऊन येतात आणि तपासायचा पुरावा धुऊन टाकतात. उपचारानंतर रोज उठून थेंब येतो का हे दाबून पाहण्याची सवयही सोडा. त्या दाबण्यानंच मार्ग सुजलेला राहतो, आणि जंतू गेल्यावरही थेंब येत राहतो.