निसर्गोपचाराला जाताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या

"उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी घेता का?" डॉक्टरांनी आत्याबाईंना विचारलं.

"घेते की. रोज घ्या म्हणून सांगितलंय ना!"

परभणीतल्या निसर्गोपचाराच्या दवाखान्यात मी शेजारीच बसलो होतो. श्रावणी सोमवारी दुपारी त्यांना दरदरून घाम का सुटतो, हात का थरथरतात, ते मला तेव्हा उमगलं. आम्ही घरचे त्याला अशक्तपणा समजत होतो.

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकर गेली की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. उपाशीपोटी रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की घाम, थरथर, घाबरं होणं सुरू होतं. आणखी घसरली तर शुद्धही हरपते. निसर्गोपचारात उपवास आणि रसाहार हा उपचाराचाच भाग असतो, म्हणून पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट आणि चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट न्या. गोळी किंवा इन्सुलिन मनानं बंद करू नका. कमी-जास्त करायचं ते मूळ डॉक्टरांना विचारूनच. पहिल्याच दिवशी "सगळ्या गोळ्या फेका" असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या भेटीत बराचसा वेळ बोलण्यातच जातो. उठता कधी, जेवता कधी, पोट साफ होतं का, झोप लागते का, चहा किती, तंबाखू-मिसरी आहे का? आत्याबाईंनी आधी दोनच चहा सांगितले, मग हळूहळू पाच निघाले. लाजू नका. सगळा आहार या उत्तरांवर ठरतो. वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाबही मोजतात.

मग येते मातीची पट्टी. "पोट लिंपतात म्हणे," या धास्तीनं आत्याबाई वर्षभर टाळत होत्या. प्रत्यक्षात खोलवरून काढलेली, वाळवून चाळलेली माती भिजवून कापडात भरतात आणि वीस-तीस मिनिटं पोटावर ठेवतात. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून बसतं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते यामुळेच. धरून ठेवलेलं हे पाणी सावकाश उडतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं. रांजणातलं पाणी मे महिन्यात गार राहतं ते याच नियमानं. पट्टीनं बरं वाटतं ते खरं, पण ती शरीरातलं विष शोषून घेते हे मला पटत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. उघड्या जखमेवर मात्र माती कधीच नको, कारण तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

सगळ्यात जपायचं ते गरम उपचारांना. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. गरम पाण्यात पाय भाजला तरी कळत नाही, म्हणून तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधीच सांगा. वाफेच्या स्नानात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हातून आलेल्या माणसानं तर आधी पाणी पिऊन सावलीत बसावं.

डॉक्टरांची पदवी विचारायला संकोचू नका. बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी, हा इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. थोड्या दिवसांच्या शिबिरातून तेवढं शिक्षण होत नाही.

आत्याबाईंना निघताना औषध मिळालं नाही, एक कागद मिळाला. ज्वारीची भाकर चालू, सोबत पालेभाजी आणि काकडी, साबुदाणा बंद, जेवणानंतर चालणं, आणि गोळीचं वेळापत्रक मूळ डॉक्टरांकडून ठरेपर्यंत उपवास नाही. खाली तीन महिन्यांनंतरची एचबीए१सी ही रक्ततपासणी लिहिली होती. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातल्या साखरेची खूण अंगावर बाळगतात. आहारानं फरक पडला का, ते त्या आकड्यात दिसेल.