अश्व ऑस्टिओपॅथी

घोड्याचे सांधे, स्नायू आणि त्यांना वेढणारी पातळ आवरणे यांची हालचाल हातांनी चाचपून, जिथे ती अडली असेल तिथे ती मोकळी करण्याची उपचारपद्धती. औषध व शस्त्रक्रिया तिच्यात येत नाहीत. नावात ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड असले, तरी निखळलेले हाड बसवणे हे तिचे काम नव्हे. पाचशे किलोच्या जनावराचा सरकलेला मणका अंगठ्याने जागेवर आणल्याची वर्णने ऐकू येतात. ती खरी मानू नयेत.

मूळ कल्पना माणसांच्या उपचारांतली. अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ती १८७४ मध्ये मांडली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. घोड्यांपर्यंत ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचली. त्यात फ्रेंच पशुवैद्य दोमिनिक जिनिओ यांचा वाटा मोठा.

घोड्याची शरीररचना लक्षात घेतली, तर हात नेमका कुठे उपयोगी पडतो हे कळते. घोड्याला जत्रुक, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, नसते. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी जोडलेले असतात आणि उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार त्यांच्यावरच असतो. मानेत ७, छातीच्या भागात १८ आणि कमरेत साधारण ६ मणके असतात. मान सहज वळते, पाठ मात्र बरीच ताठ असते. तिचे वाकणे मुख्यतः कंबर आणि त्रिकास्थी, म्हणजे कमरेमागचे जुळलेल्या मणक्यांचे हाड, जुळतात तिथे होते. एका पायात दुखू लागले की घोडा भार दुसरीकडे टाकतो आणि पाठीचे स्नायू आखडतात. दुखरी दिसणारी पाठ अनेकदा मूळ दुखणे नसतेच.

म्हणून तपासणी चालीपासून सुरू होते. घोडा आधी उभा असताना, मग चालताना, दुडकी धावताना, वर्तुळात फिरताना आणि मागे सरकताना पाहतात. त्यानंतर कानांमागच्या भागापासून शेपटीपर्यंत हात फिरवून कुठे उष्णता, ताण किंवा दचकणे जाणवते ते नोंदवतात. उपचारात पाय उचलून सांधा हळूहळू फिरवणे, शेपटीला मंद ओढ देणे, पोटाखाली बोट फिरवून घोड्याला पाठ वर उचलायला लावणे असे प्रकार येतात. जोर लावून भागत नाही. घोडा विरोध करू लागला की तो माणसापेक्षा कितीतरी ताकदवान ठरतो. खोगीर टोचत असेल, दात टोकदार झाले असतील किंवा नाल चुकीची बसली असेल, तर मोकळी झालेली पाठ पुन्हा आखडते. अस्थिभंग, संसर्ग, खुरांचा दाह किंवा मज्जातंतूंची लक्षणे असतील, तर हा उपचार करूच नये. त्यामुळे निदान आधी पशुवैद्याने करायला हवे.

प्रशिक्षणात देशोदेशी मोठी तफावत आहे. बऱ्याच ठिकाणी पशुवैद्य, किंवा माणसांवर उपचार करणारे ऑस्टिओपॅथ व फिजिओथेरपिस्ट, नोकरी सांभाळून टप्प्याटप्प्याने हा अभ्यासक्रम करतात. फ्रान्समध्ये २०१७ च्या नियमांनुसार पशुवैद्य नसलेल्याला राष्ट्रीय पशुवैद्यक परिषदेची पात्रता परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये १९६६ च्या कायद्यानुसार निदानाचा अधिकार पशुवैद्यालाच आहे. पण काही देशांत थोड्या दिवसांच्या वर्गानंतरही माणूस पाटी लावू शकतो. अभ्यासाचा कणा म्हणजे शरीररचना आणि हालचालींचे शास्त्र. हाताची जाण मात्र शेकडो निरोगी घोडे चाचपल्यावरच येते.

शास्त्रीय पुरावा तुटपुंजा आहे. स्नायू सैलावणे व हालचाल वाढणे यांना थोडाफार आधार मिळतो. कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय हाताला जाणवते, हा अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांच्या विचारांतून आलेला दावा त्यात सर्वांत कच्चा आहे. घोड्याची उपचारावर श्रद्धा नसते हे खरे, पण मालकाची असते, आणि विश्रांतीनेही लंगडणे कमी होते. त्यामुळे अभ्यासक आता निव्वळ नजरेवर विसंबत नाहीत. ते चाल अंगाला बांधलेल्या संवेदकांनी मोजतात आणि पाठीचा दुखरेपणा दाबमापकाने.